आप्पांच्या गाडीचा क्लच

"तुमच्या गाडीनं आज मला टोमॅटोच्या ढिगात घातलं असतं," मी अंगणात गाडी लावता लावता म्हटलं.

आप्पा ओट्यावर बसून गमबूट धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. "काय भाव होता टोमॅटोचा?"

"आप्पा, चेष्टा नाही. चौकात क्लच दाबून उभी होते, तरी गाडी आपली पुढं पुढं. न्यूट्रल पडेना. पोलीस शिट्टी मारतोय, भाजीवाली ओरडतेय."

"काय ओरडली?"

"बाप्याची गाडी बाईमाणसानं कशाला घ्यावी म्हणाली."

"मग?"

"म्हटलं, बाप्याची नाही, बापाची आहे."

आता ते हसले. बूट बाजूला ठेवून हसले. डिसेंबरातला शनिवार होता आणि मी कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी तळेवाडीला आले होते. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला होते. आप्पा पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण आसपासच्या सात-आठ गावांत म्हैस अडली, गाय बसली की फोन त्यांनाच यायचा. डॉक्टरकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तरी सगळा मुलूख त्यांना डॉक्टरच म्हणे. गाडी त्यांच्या नोकरीतली. जुनी, जड मोटरसायकल, उजव्या पायाला गिअर असलेली. दहावीच्या सुट्टीत मोकळ्या रानात त्यांनी मला ती शिकवली, तेव्हा आई तीन दिवस दोघांशीही बोलत नव्हती.

"आता बसून बघा," मी म्हटलं.

"काय बघू?"

"बसा तर. स्टँडजवळच्या गॅरेजात केबल ताणून आणलीय. दोन मिनिटांचं काम. अकरा वर्षं तुम्ही खाड खाड गिअर टाकत हिंडताय आणि मिस्त्रीला एवढं सांगता येत नाही?"

आप्पांनी हात पुसले. गाडीवर बसले, किक मारली, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. आवाज नाही, धक्का नाही. हातपंपापर्यंत एक फेरी मारून ते परत आले.

"आवाजच नाही गं. मला वाटलं गिअर पडलाच नाही."

"बघा!"

"हुशार आहेस."

आप्पा सहसा असं बोलत नसत. जेवताना त्यांनी आईलाही सांगितलं, पोरीनं गाडी नवी करून आणली. भाकरी मोडून झाल्यावर पुन्हा एकदा सांगितलं. आई म्हणाली, "ऐकलं हो मघाशी. गाडीच आहे, विमान नव्हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला फोन आला. शेजारच्या गावात म्हैस अडली होती. मी अर्धवट झोपेत त्यांच्या बुटांचा आवाज ऐकला, मग गाडीचा. उठावं, चहा तरी करून द्यावा असं वाटलं. उठले नाही.

आठला परत फोन वाजला तो आमच्यासाठी होता.

चढ संपून रस्ता जिथं वळतो तिथं रस्त्याच्या कामाची बारीक खडी पसरलेली होती. गाडी उजवीकडे पडली. आप्पांचं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. पाहणारा एकच होता, उसाच्या गाडीवरचा. तो म्हणाला, डॉक्टर वळणावर हळू झाले, गिअर बदलायला गेले आणि गाडी एकदम पुढं उडाली.

लोक म्हणाले, खडीनं घात केला. मीही तेच धरून चालले असते. पण तिसऱ्या दिवशी आई भिंतीकडे बघत म्हणाली, "डाव्या हातात जोरच राहिला नव्हता गं त्यांच्या. भरला कप धरता येत नव्हता. तुला सांगू नको म्हणायचे."

चौतीस वर्षं त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत रबरी मोजा घालून गाई-म्हशींच्या पोटात जात होता. त्या हातानं आत धरायचं, उजव्यानं बाहेर काम करायचं. जनावर जोर करतं तेव्हा हात आत पिळून निघतो. त्या कामातल्या पुष्कळ लोकांची बोटं उतारवयात अशी जातात, हे मला नंतर कळलं. पण आई बोलली त्याच क्षणी हे कळलं की अकरा वर्षं त्या गाडीचा क्लच ढिला होता, तो हलगर्जीपणानं नव्हे. केबल ढिली असली की हँडलवरचा क्लचचा दांडा मुठीजवळ येईपर्यंत वजन लागत नाही. शेवटचं बोटभर अंतर दाबायचं, तेवढंच. गिअर कुरकुरत, न्यूट्रल सापडत नसे, पण गाडी त्यांच्या हाताला झेपत होती.

मी ती ताणून आणली होती. बोटं पूर्ण पसरून जिथं पोहोचायचं, तिथूनच जोर लावायचा. वळणावर गिअर बदलताना दांडा त्यांच्या बोटांतून सुटला असणार, म्हणून गाडी उडाली.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईला तर नाहीच. लोक खडीला दोष देत राहिले आणि मी ऐकत राहिले.

सहा वर्षं गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली होती. पोलिसांनी सोडल्यावर टेम्पोतून आणली आणि तशीच झाकली. कुणी हात लावला नाही. मी दर दिवाळीला घरी जाई, गोठ्यात जात नसे. मग एका एप्रिलमध्ये आईनं फोनवर सांगितलं, "दूध संस्थेत नवीन डॉक्टर आलेत. त्यांना गाडी देऊन टाकायची म्हणते. लोखंड नुसतं कुजतंय."

"दे," मी म्हटलं. "पण आधी मी दुरुस्त करून आणते."

मला एकच दुरुस्ती करायची होती. मी ताणलेली केबल पुन्हा सैल व्हायला हवी होती. माझ्या हातचं ते काम दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जाऊ द्यायचं नव्हतं.

फाट्यावर दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज आहे. आप्पांची गाडी दुसऱ्या कुणाकडे जात नसे. नवरात्रात आई त्यांच्याकडे कडाकण्या पाठवायची, ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा. पण आप्पा गेले त्यानंतर दस्तगीर घरी आले नाहीत. मातीला नाहीत, दिवसाला नाहीत. आईला ते लागलं होतं. "माणसं अशीच असतात," एवढंच ती एकदा म्हणाली आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

मी टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा मिस्त्री बाकावर बसून कसलीशी स्प्रिंग पुसत होते. साठीच्या पुढचे झाले होते. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गाडी बघून ते उठले. मला बघून पुन्हा बसले.

"ओळखलंत का? मी वैजू. डॉक्टरांची."

"वळीकलं की." ते गाडीकडे बघत होते. "इकायची हाय?"

"संस्थेच्या डॉक्टरांना द्यायचीय. चालू करा. आणि क्लच ढिला करून द्या. फार ताठ आहे."

त्यांनी हातातली स्प्रिंग खाली ठेवली.

"ताठ हाय?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"मला माहीत आहे."

त्यांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "बसा. च्या मागवतो," आणि कामाला लागले.

त्या दांड्याला हात लावायचं धाडस मला झालं नव्हतं. टेम्पोत चढवतानाही मी मागून ढकलत होते. आता बाकावर बसून मी त्यांचे हात बघत राहिले. त्यांनी टाकी रिकामी करून धुतली, कार्बोरेटर उघडला, प्लग बदलला. सहा वर्षांचं ऑइल डांबरासारखं उतरलं. दुपारी एक वाजता विसाव्या की पंचविसाव्या किकला गाडी सुरू झाली आणि फाट्यावरची कुत्री उठून पळाली.

"आवाज तोच हाय," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले.

गाडी मधल्या स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. त्यांनी क्लच दाबला आणि गिअर टाकला. खाड्‌! अख्खी गाडी हादरली. क्लच दाबलेलाच होता, तरी मागचं चाक गरगरत होतं.

"क्लच सोडत न्हाई," ते म्हणाले. "दाबला की इंजिन येगळं पडाय पायजे. पडंना. हुबी ऱ्हाऊन ऱ्हाऊन प्लेटा चिकाटल्या असत्याल."

"मग?"

"खोलाय लागंल."

त्यांनी डाव्या बाजूचं झाकण काढलं. आतून ताटल्यांसारख्या प्लेटा एकेक करून काढल्या. दोन खरंच एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं सोडवल्या. सगळ्या पेट्रोलमध्ये धुतल्या. मग प्रत्येक लोखंडी प्लेट ते आरशाच्या तुकड्यावर ठेवून बोटानं कडा दाबून बघत होते.

"हे कशाला?"

"वाकडी आसली तर डुलती. ही बघा, गप बसली. चांगली हाय." ते इतक्या हळू आणि इतक्या मन लावून करत होते की मला नवल वाटलं. दोन तास गेले. स्प्रिंगा बसवल्या, एकेक स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत सारख्या ताणाच्या केल्या, झाकण लावलं, नवं ऑइल घातलं. मध्ये एकदा गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी उद्या यायला सांगितलं.

"तुमची आई बरी हाय?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"माझी आठवन काढत न्हाईत ना?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

त्यांनी मान हलवली. ते त्यांना योग्यच वाटलं असावं.

गाडी पुन्हा सुरू झाली. क्लच, मग गिअर. खाड्‌! चाक फिरायला लागलं.

मिस्त्री तसेच हँडल धरून उभे राहिले. आणि मी बाकावरून उठले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कित्येक वर्षं अंगणातून तो मी ऐकत आले होते. त्या शनिवारी, दोन मिनिटांच्या कामानं, तो बंद झाला होता. 'मला वाटलं गिअर पडलाच नाही.'

"मिस्त्री, केबल बघितलीत का?"

सकाळपासून त्यांनी गाडीचा प्रत्येक नट हाताळला होता. केबलला एकदाही हात लावला नव्हता. पंचवीस गावांतला जुना मिस्त्री, आणि क्लचची तक्रार म्हटल्यावर जे सगळ्यात आधी बघतात तेच त्यांनी बघितलं नव्हतं.

मी पुढं होऊन दांडा धरला. डोळे मिटून दाबला. त्याला वजनच नव्हतं. तो निमूट मुठीजवळ आला आणि अगदी शेवटी, बोटभर अंतरावर, जरासा जड लागला.

"ही तर ढिली आहे," मी म्हटलं. "ही ढिली कशी? न वापरता केबल लांबते का?"

"न्हाई."

"मग? गोठ्यात तर कुणी हात लावला नाही."

"म्या केली." त्यांनी गाडी बंद केली. "म्याच केली ढिली, ताई. त्या दिशी सकाळी."

फाट्यावरून एस.टी. गेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"साडेसाला आलते डॉक्टर. मी दात घासत हुतो. म्हनले, दस्तगीर, पोरीनं काल ताणून आणलीया, माझी बोटं पुरंनात. पैल्यासारखी कर. मी म्हनलं, डॉक्टर, पोरीनं बराबर केलंय. अशा क्लचवर गाडी एखाद्या दिशी उडंल. तर हसले. म्हनले, अकरा वर्सं ऱ्हायलीया गुमान, आजच कशाला उडंल. आन् म्हनले, तिला कळू दिऊ नगं. काल लई खुशीत हुती. ती कोल्लापूरला गेली की मग ढिलीच ठेवू."

"मग तुम्ही केली."

"केली. दोन मिनटांचं काम. आले तसं माघारी चढावर गेले." त्यांनी चष्मा काढला. "तासाभरात कळलं. गाडी उडाली म्हनं. कुठल्या तोंडानं येऊ तुमच्या दारात? वैनी शिरखुर्म्याचा डबा धुऊन परत द्यायच्या तवा त्यात साखर घालून द्यायच्या. त्यांच्या म्होरं जाऊन काय सांगू? तुमी नीट करून दिलेली गाडी म्या बिघडवली."

मी बाकावर बसले. सहा वर्षं मी मनात त्या वळणावर जात होते आणि दर वेळी आप्पांच्या बोटांतून माझा दांडा सुटत होता. आणि त्या सकाळी तिथं माझा दांडा नव्हताच. त्यांच्या हाताला सवयीची, त्यांनी सांगून करून घेतलेली, त्यांची गाडी होती. मला हसू येत होतं आणि ते या माणसासमोर बरं दिसलं नसतं.

मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. जे मी सहा वर्षं केलं, तेच ते इथं फाट्यावर बसून करत होते.

"मिस्त्री, पहिल्यासारखी म्हणजे किती ढिली केलीत? जास्त?"

"एक आटा जास्त न्हाई. जशी हुती तशी. मला त्यांचं माप पाठ हुतं."

"मग त्या गाडीवर ते अकरा वर्षं त्याच वळणावरून जात होते. दिवसातून दोन वेळा."

"व्हय, पन—"

"आप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तिथंच गवळ्याचा मुलगा पडला. पाय मोडला. त्याच्या गाडीचा क्लच तुम्ही ढिला केला होता का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आठवड्यानं एक मास्तर पडले, बायकोसकट. मग कुठं खडी उचलली. त्यांची गाडी कुणी बिघडवली होती?"

"त्येंची तर स्कूटर. गिअरचीबी न्हवती," मिस्त्री हळूच म्हणाले.

"मग?"

"पन उडाली म्हनला नव्हं त्यो उसाचा गाडीवाला."

"खडीवर चाक घसरलं की बघणाऱ्याला तसंच दिसतं. तुम्ही मिस्त्री आहात, मी सांगायला हवं का?"

हे सगळं मला सहा वर्षांपासून माहीत होतं. गवळ्याचा मुलगा, मास्तर, खडी, सगळं. लोकांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं आणि मी एकदाही त्यावर विश्वास ठेवला नव्हता. आता ते दुसऱ्याला सांगताना पहिल्यांदा मला ते खरं वाटलं.

मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. ग्रीसचा पट्टा कपाळावर उमटला. "म्हंजे तुमी बी—" ते थबकले. "ताठ हाय, ताठ हाय म्हनत सकाळपासनं बसलाय. तुमास्नी वाटत हुतं ती तशीच हुती?"

"हो."

"सा वर्सं?"

"हो."

"या अल्ला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "दोघंबी खुळी."

मग त्यांनी पान्हा उचलला. केबलचा लहान नट सोडला, अॅडजस्टर तीन फेरे बाहेर घेतला, दांडा दाबून बघितला, अर्धा फेरा परत आत घेतला आणि नट आवळला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. गाडी सुरू करून क्लच दाबला. चाक थांबलेलंच राहिलं. पहिला, दुसरा, परत न्यूट्रल. कसलाही आवाज आला नाही.

"नव्या डॉक्टरची बोटं धड हाईत न्हवं?"

"तिशीचे आहेत."

"मग असूंदे अशीच."

मी गाडीवर बसले. "मागं बसा. घरी चला. आई चहा करेल."

"आज नगं, ताई."

"मग कधी?"

त्यांनी गॅरेजचं दार ओढून घेतलं, कपाळावरचा पट्टा तसाच ठेवून मागं बसले, आणि चढावर म्हणाले, "हळू. मला पोरंबाळं हाईत." वळण आलं. रस्ता साफ होता. मी गिअर खाली घेतला, वळण गेलं.

आई दारात ज्वारी निवडत होती. गाडीचा आवाज ऐकून ती उभी राहिली होती, परातीतले दाणे पायाशी सांडले होते. मागून कोण उतरलं हे बघायला तिनं डोळ्यांवर हात धरला.

"दस्तगीर?" ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. "सहा वर्षं कुठं होतास रे? त्यांच्या दिवसाला सगळं गाव जेवून गेलं. तुझं ताट मी झाकून ठेवलं होतं. कुठं होतास तू?"

मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली. "वैनी," ते म्हणाले, "त्या दिशी सकाळी म्या—"

"थांबा," मी म्हटलं. गाडीची किल्ली अजून माझ्या हातात होती. "आधी मला सांगू द्या. आई, आदल्या दिवशी आप्पांच्या गाडीचा क्लच मी ताणून आणला होता. त्यांचा हात गेलाय हे मला माहीत नव्हतं. ते गेले ते माझ्यामुळं, असं मला सहा वर्षं वाटत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही."